चाकं फिरताना दिसू द्या

जुन्या रेसिंग कारचा फोटो काढताना नवखा माणूस शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/१००० सेकंद ठेवतो. फोटो अगदी स्पष्ट येतो, पण चाकाची तार न तार थिजलेली. गाडी ट्रॅकवर पार्क केल्यासारखी दिसते! १/१२५ वर या, हात बसला की १/६०. पाय रोवून उभे राहा, कंबरेतून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवा आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहा. बरेच फोटो वाया जातील, जाऊ द्यात.

फोकस चालकाच्या हेल्मेटवर. १९५०च्या दशकातल्या उघड्या गाड्यांत चालक छातीपर्यंत दिसतो, वळणावर स्टिअरिंगशी झटापट करणारे त्याचे कोपर दिसतात. आजच्या फॉर्म्युला वनमध्ये ही मजा नाही. ती टिपायला सरळ रस्त्यापेक्षा वळणाची जागा धरा.

मागची पार्श्वभूमीही बघा. इंग्लंडमधल्या गुडवुड रिव्हायव्हल या जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या उत्सवात सगळा परिसरच १९४८ ते १९६६च्या काळासारखा सजवतात, तिथे चिंता कमी. इतरत्र आधुनिक जाहिरातफलक डोकावतात. मंद शटरने तेही पुसट होतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी गाड्या उभ्या असतात त्या जागी, मात्र बसून, हेडलाइटच्या उंचीवरून टिपा.