सभेच्या नोटिसा छापण्याआधी

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या चौऱ्याऐंशी घरांत वार्षिक सभेच्या नोटिसा गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकांवर दुसऱ्याच कुणाची तरी थकबाकी छापलेली होती. पाच तारखेच्या आत मेंटेनन्स भरणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नावावर एक्केचाळीस हजार पाचशे रुपये बाकी, आणि तीन वर्षं दमडी न भरलेले एक गृहस्थ निरंक. ते गृहस्थ तो कागद अजून जपून आहेत. सचिव मी, चूकही माझीच. यंदा दुसरं कुणी तयार न झाल्यामुळे पुन्हा मीच आहे, म्हणून तयारी आधी लिहून काढतोय.

आधी तारखा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. त्यात नोटिशीचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही नाही. म्हणजे सभासदांच्या नावांच्या आणि थकबाकीच्या यादीला हात ऑगस्टमध्ये घालायचा. मी सप्टेंबरच्या पंधरवड्यात रात्री अकराला बसलो होतो, आणि पुढचं सगळं त्या घाईतच झालं.

कागद, टोनर वगैरे सांगत नाही. यादीच्या मूळ फाइलला हात न लावता तिची कॉपी करा आणि नावात तारीख टाका, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप क्रमाने लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशा तीन फाइली आमच्याकडे आहेत. खरी कुठली ते विचारू नका.

आता एक्सेलची यादी. पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं हवीत. वर सोसायटीचं नाव मोठ्या अक्षरांत, सेल मर्ज करून, असलं सुशोभीकरण नको. वर्डचं मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावं-आकडे एकेका नोटिशीत आपोआप भरणारी सोय, पहिली ओळ वाचतं आणि तुमच्या सोसायटीच्या नावालाच कॉलमचं नाव समजतं. आणि मध्ये रिकामा कॉलम ठेवू नका. पुन्हा लिहितो: मध्ये रिकामा कॉलम ठेवू नका. मी ठेवला होता. डावीकडे फ्लॅट क्रमांक आणि नाव, मग एक अरुंद रिकामी पट्टी, मग थकबाकी. दिसायला बरं दिसतं म्हणून! कमिटीतल्या एकांनी नावं अकारविल्हे लावायला सांगितली. मी नावावर कर्सर ठेवून सॉर्ट दाबलं. एक्सेलच्या लेखी यादी त्या रिकाम्या पट्टीपाशी संपत होती. त्याने डावीकडचे दोन कॉलम हलवले, थकबाकी जागच्या जागी राहिली. ना इशारा, ना प्रश्न. आणि खालची बेरीज? ती तर पैशापर्यंत जुळत होती, कारण आकडे हललेच नव्हते. खजिनदारांनी बेरीज ताळेबंदाशी ताडून पाहिली, ‘बरोबर आहे’ म्हणाले, मी फाइल सेव्ह करून बंद केली. फाइल बंद झाली की केलेलं मागे फिरवणारं कंट्रोल-झेड संपलं.

म्हणून सॉर्टच्या आधी यादीत कुठेही क्लिक करून एकदा कंट्रोल-ए दाबायचं. एकदाच, दुसऱ्यांदा दाबलं तर अख्खी शीट निवडली जाते आणि काही कळत नाही. निवड कुठे थांबली ते डोळ्यांनी बघा. शेवटच्या कॉलमपर्यंत, शेवटच्या ओळीपर्यंत गेली तर पुढे जा. अलीकडेच थांबली तर तिथे काहीतरी रिकामं आहे, ते काढा. नंतर कंट्रोल-टी दाबून यादीचं टेबल करा, म्हणजे ओळ एकसंध हलते. पण टेबलाची हद्दही एक्सेल त्याच अंदाजाने ठरवतं, तेव्हा आधी कंट्रोल-ए आणि मगच कंट्रोल-टी.

डावीकडे अनुक्रमांकाचा कॉलम हवाच, आणि तो हाताने भरलेला, सूत्राने नव्हे. तो असता तर त्याच्यावर पुन्हा सॉर्ट करून माझी यादी मिनिटात पूर्ववत झाली असती.

फ्लॅट क्रमांक ‘२-५’ असा लिहीत असाल तर आधी कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट करा, मग टाइप करा. नाहीतर एक्सेल त्याची तारीख करून मोकळं होतं, आणि नंतर टेक्स्ट केलंत की पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातला कुठलासा आकडा समोर येतो. हसू नका, शास्त्रज्ञांचीही हीच गत झाली होती. सेप्ट१ नावाच्या जनुकाचं एक्सेल ‘१ सप्टेंबर’ करायचं. शेवटी माणसांनीच हात टेकले आणि जनुकाचं नाव सेप्टिन१ केलं.

नावं युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या सामायिक अक्षरसंचात हवीत. जुन्या फॉन्टमधली यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर कचरा दिसते आणि अकारविल्हे लागतही नाही, कारण आत मराठी अक्षरं नसतातच. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलते. एक खोच मात्र आहे. ‘कऱ्हाडकर’मधला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला एकच, आत वेगळा. शोधलं तर एक कऱ्हाडकर सापडतो, दुसरा नाही. एकदाच रिप्लेस मारून सगळे एकसारखे करून घ्या. आणि यानंतर सॉर्ट करणार असाल तर? कंट्रोल-ए.

मेल मर्ज करताना तारीख महिना-आधी अशी अमेरिकन थाटात येते, रकमेला कधी दशांशांचं शेपूट लागतं. वर्डमध्ये कोड घालत बसण्यापेक्षा एक्सेलमध्येच टेक्स्ट फंक्शनने, म्हणजे तारीख-रक्कम हव्या त्या रूपात लिहून देणाऱ्या सूत्राने, दोन वेगळे कॉलम करा आणि तेच जोडा. मग एक्सेल सेव्ह करून बंद करा.

वर्डच्या प्रिव्ह्यू रिझल्ट्समध्ये, म्हणजे भरलेल्या नोटिसा छापण्याआधी दाखवणाऱ्या बटणावर, पहिली नोटीस सगळेच बघतात. तुम्ही पाचवी, चाळिसावी आणि शेवटची बघा, आणि बेरजेशी नाही, पावती पुस्तकाशी ताडून बघा. त्या आजींची तर बघाच.

थेट प्रिंटरला नको, आधी एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स, म्हणजे सगळ्या नोटिसा एका नव्या फाइलमध्ये उघडतात. कागद ए-फोर आहे ना, लेटर नाही, ते पाहा. एकच छापून बघा, मग बाकीच्या. पीडीएफ ठेवा. एक प्रत सूचना फलकावर. पोच घेताना सही आणि तारीख दोन्ही.

गठ्ठा वॉचमनकडे द्यायला निघालात आणि कुणी म्हणालं, ‘जरा विंगनुसार लावून द्या की’, तर परत वर जा, फाइल उघडा, कंट्रोल-ए.