खाऱ्या पाण्याचा पहिला टँक: मासा आणण्याआधीची तयारी

मासा सगळ्यात शेवटी आणायचा, हे आधी मनाशी पक्कं करा. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात निळ्या दिव्याखाली फिरणारी क्लाउनफिशची (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या छोट्या माशांची) जोडी पाहिली की पाय तिथेच अडतो. पण खाऱ्या पाण्याचा टँक आपल्या आवडत्या माशावरून निवडता येत नाही. तो निवडायचा घराची लादी, मे महिन्यातला उकाडा, वीज आणि पाणी बघून. म्हणून पहिल्या दिवशी दुकानात जाऊ नका, हातात टेप घेऊन घरातच फिरा.

जागा भिंतीलगतची हवी, शक्यतो खाली बीम असलेली. खिडकीचं ऊन थेट येणारी नको, नाहीतर शेवाळ आणि तापमान दोन्ही हाताबाहेर जातात. बाल्कनीचा विचारही नको. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर उरतं साधारण १६०. त्यात १० मिलिमीटरची काच, दगड, वाळू आणि स्टँड धरा, म्हणजे वजन २८० किलोच्या आसपास जातं, आणि तेही साडेचार चौरस फुटांवर. घरातल्या खोल्यांची लादी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेली असते. ती खोलीभर पसरलेल्या वजनाची गोष्ट आहे, त्यामुळे एवढा टँक ठेवला म्हणून लगेच काही कोसळत नाही. पण खोलीच्या मधोमध ठेवणं आणि बीमवर ठेवणं यात फरक आहेच. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नका.

एवढा मोठा कशाला, टेबलावरचा छोटा का नको, असं प्रत्येक जण विचारतो. हिशोब करून बघा. बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ४० लिटरमधून एक लिटर उडालं की क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, हजार भागांत किती) ३५ वरून जवळजवळ ३६ होते. १६० लिटरमधून तेवढंच उडालं तर फरक कळतही नाही. छोट्या टँकमध्ये एखादा मासा दगडाआड मेला आणि तुम्ही दिवसभर ऑफिसात असलात, तर संध्याकाळपर्यंत पाणी बिघडलेलं असतं. नवख्याच्या हातून चुका होणारच, आणि त्या पोटात घ्यायला पाणीच जास्त लागतं. तीन फूट झेपत नसेल तर दोन फुटांवर थांबा, त्याखाली उतरू नका.

आता उकाडा, कारण आपल्याकडे टँक सगळ्यात जास्त इथेच फसतात. पाणी २५ ते २७ अंशांवर राहायला हवं. मुंबई-ठाण्यात एप्रिल-मे मध्ये खोलीच ३२ अंशांवर असते, वर पंप आणि दिव्याची उष्णता. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने ते दोन-तीन अंश उतरतं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती छान चालते. मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतच नाही फारसं, त्यामुळे पंख्याचा उपयोग थोडाच होतो, आणि तिथे चिलरचे (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे) पैसे पहिल्याच बजेटमध्ये धरावे लागतात. माझ्या पहिल्या टँकच्या वेळी मी म्हटलं होतं, चिलर पुढच्या वर्षी घेऊ. मे महिन्यातल्या एका दुपारी पाणी ३३ वर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. दोन गेले. ती दुपार मी विसरलेलो नाही, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

विजेचंही तसंच. पाणी फिरायचं थांबलं की प्राणवायू घटत जातो आणि दगडावरचे उपयोगी जिवाणूही गुदमरतात. वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवत ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर टाका, आणि बॅटरीवर चालणारा एक एअर पंप ड्रॉवरमध्ये ठेवा. पंप-दिव्यांच्या वायरी बोर्डाकडे जाताना खाली झोळ घेऊन मग वर चढाव्यात, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. या लाइनला आरसीसीबी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

पाणी समुद्राचंच आणलं तर? जुहूचं किंवा दादरचं पाणी नको. त्यात सांडपाणी आहे, आणि पावसाळ्यात क्षारता घसरते. स्वयंपाकाचं मीठ किंवा सैंधव तर मुळीच नको, त्यात समुद्राचं कॅल्शियम-मॅग्नेशियम योग्य प्रमाणात नसतं. मरीन सॉल्ट मिक्सच घ्या. लिटरला सुमारे ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला सहा किलो, आणि पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलायला लागेल ते वेगळं. पाणी आरओ-डीआयचं हवं, म्हणजे गाळून त्यातले उरलेसुरले क्षारही काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर शून्य दाखवणारं. घरच्या प्यायच्या आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, ते इथे चालत नाही. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण घ्या, आणि ते नेमकी ३५ क्षारता असलेल्या तयार द्रावणावर तपासून घ्या. रोज उडालेलं पाणी भरायचं ते मात्र साधं आरओ-डीआयचं, खारं नव्हे. नवखे इथे हमखास चुकतात.

बाकी सामान फार नाही. प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), एक-दोन वेव्हमेकर, साधा एलईडी दिवा (मासेच ठेवायचे तर महागडा लागत नाही), कॅल्शियमयुक्त वाळू, पंधरा-वीस किलो कोरडा सच्छिद्र दगड.

दगडाच्या बाबतीत जरा थांबा. परदेशातले व्हिडिओ बघून ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जीव-जिवाणू असलेला दगड) आणि प्रवाळ मागायला जाल, तर कायदा माहीत असायला हवा. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना संरक्षण आहे, आणि लाइव्ह रॉक म्हणजे बऱ्याचदा तोडलेल्या प्रवाळभित्तीचाच तुकडा. कुणी पिशवीत घालून स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ पाण्यात तोंड घालून बघावेत, घरी आणू नयेत. पहिला टँक फक्त माशांचाच असू द्या. तो काही कमी सुंदर नसतो.

सगळं बसवून, पाणी भरून, दिवा लावला की रिकाम्या टँककडे बघत बसायचे चार ते सहा आठवडे येतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, आणि तो माशांना विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर वाढायला वेळ लागतो. त्यांना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन) न्या, आणि चाचणी किटने मोजत राहा. तेवढा अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य आलं, की टँक तयार. दुकानदार सांगेल, दोन डॅमसेल (चिवट छोटे मासे) सोडा, आपोआप सायकल होईल, म्हणजे हे जिवाणू वाढतील. नका सोडू. जळणाऱ्या कल्ल्यांनी तो जीव ते आठवडे काढतो, आणि वाचलाच तर पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला हाणतो.

मग मासे. ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, तीही हॅचरीत जन्मलेली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घेण्याचं कारण उरत नाही. क्लाउनफिशना ॲनिमोन (ज्याच्या शुंडकांत ते समुद्रात राहतात तो फुलासारखा जीव) लागत नाही. सांभाळले तर दहा वर्षांहून जास्त जगतात. निळा टँग टाळा, तो फूटभर वाढतो. मँडरिन आणि मूरिश आयडल हे मासे घरच्या टँकमध्ये बहुतेकदा उपाशी मरतात. दुकानात मासा खाताना दाखवा म्हणायला संकोचू नका. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उमटले तर तो आजार तिथेच आवरता येतो, मुख्य टँकमध्ये शिरला की महिनोन् महिने जात नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. गणपतीला तुम्ही पाच-सात दिवस गावी जाणार. तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली असेल, तर एकेका दिवसाचं खाणं वेगवेगळ्या पुड्यांत बांधून द्या आणि डबा कपाटात बंद करा, कारण प्रेमाने माणूस जास्तच घालतो. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण मार्करने करा आणि शेजारी आरओ-डीआयच्या पाण्याचे कॅन भरून ठेवा. पाणी खुणेखाली गेलं की खुणेपर्यंत भरायचं, एवढं त्यांना तुमच्यासमोर एकदा करून बघू द्या.