नवीन रोव्ह बीटल सापडला? लिहायला बसण्याआधी या चुका टाळा

दर पावसाळ्यात, साधारण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून, माझ्या फोनवर धूसर फोटो यायला लागतात. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा लांबट किडा, पुढचे कडक पंख इतके आखूड की बंडी घालून पोट उघडं टाकल्यासारखं दिसतं. खाली ओळ ठरलेली: "मॅडम, हा नवीन वाटतोय."

असेलही. रोव्ह बीटल म्हणजे भुंगेऱ्यांचं स्टॅफिलिनिडी कुळ. त्यात 60,000 हून जास्त प्रजातींची वर्णनं झाली आहेत, आणि सह्याद्रीच्या पाचोळ्यात बिननावाच्या अजून कितीतरी पडून असणार. नवीन प्रजाती हाती लागणं त्यामानाने सोपं आहे. घोळ होतात ते पुढे, तिचं शास्त्रीय वर्णन लिहून छापताना, आणि वर्षानुवर्षं तेच तेच होतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

नर न उघडताच "नवीन" म्हणणं

फोटो पाठवणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, "नर आहे का?" उत्तरादाखल बहुतेक वेळा शांतताच असते.

या कुळात बाहेरून जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या प्रजाती ढिगाने आहेत. स्टेनस या एकाच वंशात 3,000 हून जास्त प्रजाती आहेत. तिथे डोक्यावरचे खड्डे मोजून कुणी निकाल लावणार असेल तर त्याला माझा दुरूनच नमस्कार. फरक कळतो तो नराच्या जननअवयवात, म्हणजे एडिगसमध्ये. काही गटांत मादीची शुक्र साठवणारी पिशवीही (स्पर्मथीका) उपयोगी पडते, पण ती नाजूक असते, नवख्या हाताने त्यापासून सुरुवात करू नये.

माझी पद्धत अशी. सुकलेला नमुना रात्रभर ओल्या टिपकागदाच्या डबीत ठेवायचा. सकाळी मऊ झाला की मिन्युटन पिनच्या, म्हणजे किडे टोचायच्या अतिबारीक बिनडोक्याच्या टाचणीच्या, टोकाचा बारीक आकडा करून पोटाचे शेवटचे खंड हळूच ओढून घ्यायचे. ते 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये, तापवल्याशिवाय. स्नायू विरघळतात आणि मधे अर्धा-पाऊण मिलिमीटरचा, मधाच्या रंगाचा, सुरईसारखा फुगीर एडिगस उरतो. मग पाणी, त्यात ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब, आणि पुन्हा पाणी. हे चालू असताना मी खुर्चीवरून उठत नाही.

का उठत नाही, तेही सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी कोकणातल्या एका देवराईतून मला एक नर मिळाला. एकच. मादी तीन, पण नर एकच. मला घाई होती, म्हणून वॉच ग्लास, म्हणजे काचेची उथळ वाटी, हॉट प्लेटवर ठेवली. दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात कॉलेजात तपासणी समिती आली म्हणून बोलावणं आलं. "आलेच" म्हणून गेले आणि चहा-बिस्किटांसकट पाऊण तासाने परतले. वॉच ग्लास कोरडी ठणठणीत. पांढऱ्या खारट पापुद्र्यात काचेसारखी पारदर्शक, आकसलेली एक साल चिकटली होती, तीच माझी नवीन प्रजाती. पाणी घातलं, सुईने सोडवायला गेले, दोन तुकडे झाले. त्या देवराईत पुढचा नर मिळायला दोन पावसाळे गेले. तोवर माद्यांकडे बघत बसले. "माद्यांवरून लिहून टाक की," असं सांगणारेही भेटले. नाही लिहिलं.

हॉट प्लेटचा शॉर्टकट आजही मुलं वापरतात आणि "आमचं काही बिघडलं नाही" म्हणतात. बिघडेपर्यंत कुणाचंच बिघडत नाही.

आणखी एक. एडिगस काढला की चित्र काढताना तो किती अंशांत वळला आहे ते बघा. थोडा कलला तरी टोकाचा आकार बदलतो आणि त्या "बदला"वर नवीन प्रजाती उभी राहते. मी प्रत्येक एडिगस खालून आणि बाजूने असा दोन कोनांतून काढते, आणि दुसऱ्या दिवशी कालचं चित्र न बघता पुन्हा काढते. दोन्ही चित्रं जुळली नाहीत तर चूक माझी. आणि काम झालं की एडिगस त्याच पिनवर, नमुन्याच्या खालच्या छोट्या कार्डावर. वेगळ्या बाटलीत ठेवला की दोघांची ताटातूट ठरलेली.

कोवळ्या रंगाला भुलणं

एका मुलाने आंबोलीहून पिवळसर, गवताच्या काडीच्या रंगाचा बीटल आणला. त्याच्या ओळखीची प्रजाती काळी, म्हणून हा वेगळा. नावसुद्धा ठरवलं होतं, आईच्या नावावरून. मी पोटाला सुई लावली तर कातडं मेणासारखं दबलं. कोशातून नुकताच बाहेर पडलेला कोवळा किडा होता. असे किडे फिकट असतात, काही दिवसांत कडक आणि गडद होतात. यांचा एडिगसही अजून पुरता घट्ट झालेला नसतो, सुकला की वेडावाकडा होतो, म्हणजे ही दुहेरी फसगत.

तो मुलगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या खेपेला त्याच झाडाच्या बुंध्याखालून काळे घेऊन आला, मुकाट्याने टेबलावर ठेवले. आता तो माझ्यापेक्षा चांगली चित्रं काढतो.

मागच्या, उडायच्या पंखांचंही असंच. एकाच प्रजातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकार सापडू शकतात, आणि आखूडवाल्यांचे पुढचे कडक पंखही आखूड असतात. दोन-तीन नमुन्यांवर हा फरक मोठा वाटतो. वीस जमवा, मग बोला.

पूर्ण लांबीवर विसंबणं

रोव्ह बीटलचं पोट दुर्बिणीच्या नळकांड्यांसारखं आत-बाहेर सरकतं. अल्कोहोलमध्ये ताणलेला किडा 5.2 मिमी भरतो, तोच सुकून कार्डावर आला की 4.3. त्यामुळे डोक्याच्या पुढच्या कडेपासून कडक पंखांच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी द्या. एकूण लांबी लिहायचीच तर "सुमारे" लावून.

कॅमेरॉन उघडला, सापडला नाही, म्हणून नवीन

माल्कम कॅमेरॉन हे ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. 1930 ते 1939 या काळात "फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया" मालिकेत त्यांचे रोव्ह बीटलवरचे खंड आले. आपल्याकडे आजही काम तिथूनच सुरू होतं, आणि व्हायलाच हवं. पण पुष्कळांचं काम तिथेच संपतंही. ओळखतालिकेत एक-एक जोडी निवडत जायचं, शेवटी काहीच जुळलं नाही की टाळ्या. अहो, ती तालिका नव्वद वर्षांपूर्वीची आहे! त्यानंतर वर्णन झालेली प्रजाती तिच्यात कुठून सापडेल? शिवाय त्यातल्या बहुतेक वर्णनांना एडिगसची चित्रंच नाहीत. म्हणजे तिथलं काळं-तपकिरी वर्णन तुमच्या किड्याला जुळलं तरी खात्री नाही, आणि नाही जुळलं तरी नाही.

खात्री मूळ नमुन्यातच. कॅमेरॉन यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे, ऑस्ट्रियाच्या मॅक्स बर्नहाउअर यांचा शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये. नम्रपणे लिहून होलोटाइपचे, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव टेकलेलं असतं त्याचे, फोटो मागा. उत्तराला कधी आठवडा लागतो, कधी आठ महिने. त्या आठ महिन्यांत मला विचारायला येऊ नका, की "तोवर पेपर पाठवून देऊ का?"

लेबल

बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. पेन्सिल वापरा. बाटलीवर "अ-7" लिहून बाकी सगळं वहीत, हा प्रकार बंद करा. वही पावसात भिजते, बाटली मात्र उरते. गाव, तालुका, उंची, जीपीएस, तारीख, पाचोळा की शेण की कुजकं लाकूड, आणि गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं त्या चिठ्ठीवर.

डार्विनने 1832 मध्ये अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे पकडलेला एक रोव्ह बीटल लंडनच्या संग्रहात पुष्कळ काळ हरवल्यातच जमा होता. 2014 मध्ये त्याचं वर्णन झालं, डार्विनिलस सेडारिसी या नावाने. 180 वर्षांनी तो कुठला, कुणी पकडलेला हे सांगता आलं. तुमच्या "अ-7" चं कोण काय सांगणार?

बाकीच्या, थोडक्यात

पाचोळा चाळून प्लास्टिकच्या पिशवीत भरून एसटीने आणू नका, घरी पोचेपर्यंत आत चिखल होतो. जुनी उशीची खोळ उत्तम.

पेडेरस हा काळा-केशरी रोव्ह बीटल दिसला तर तोंडाने ओढायच्या नळीत घेऊ नका, मानेवर चिरडूही नका. त्याच्यातल्या पेडेरिनने कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरते. नंतर दोष पालीला देतात.

वंशाच्या नावाचं लिंग बघा. मराठीत भुंगा काळा आणि मुंगी काळी, तेच इथे. फिलॉन्थस पुल्लिंगी, अथेटा स्त्रीलिंगी, विशेषण असेल तर शेपूट त्याप्रमाणे. बाईंच्या नावावरून नाव दिलं तर शेवटी "-ए", बुवांच्या नावावरून "-आय".

वर्णन छापून येण्याआधी वर्तमानपत्राला नाव सांगू नका. हौस समजते, तरीही नको.

पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करा आणि तो क्रमांक पेपरात छापा. 2012 पासून तसा नियम आहे, त्याशिवाय नाव धरलं जात नाही.

होलोटाइप घरच्या कपाटात

होलोटाइप कुठला एक नमुना आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे 1999 नंतरच्या प्रत्येक नावासाठी पेपरात लिहावंच लागतं. आपल्याकडे त्याशिवाय जैवविविधता कायदा, 2002 चं कलम 39 आहे: नवीन प्रजाती सापडली तर नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. अभयारण्यातून गोळा केलं असेल तर वनखात्याची परवानगी आधी, नंतर नव्हे. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांचे नमुने वर्षानुवर्षं कपाटात डांबरगोळ्यांसोबत पडलेले मी पाहिले आहेत. होलोटाइपचं लाल लेबल लावलेलं, पेपर मात्र कुठेच नाही.

आणि होलोटाइप कुरिअरने पाठवू नका. डब्यात एक पिन सुटली की ती पोचेपर्यंत खुळखुळत सगळ्यांच्या मिशा तोडते. मी लोकलने आकुर्डीला, झूलॉजिकल सर्व्हेच्या पुण्याजवळच्या केंद्रात जाते, डबा मांडीवर. गर्दीत शेजारची बाई हमखास म्हणते, "वर ठेवा की ताई, जागा आहे." मी नाही ठेवत.