हन्नाची कथा कशी वाचावी

हिब्रू शास्त्रात अपत्यहीन स्त्रियांच्या कथा अनेक आहेत: सारा, रिबका, राहेल, मानोहाची पत्नी. पतिपत्नीचे प्रेम आणि परमेश्वराची योजना हे दोन्ही धागे एकत्र तपासायचे असतील, तर मात्र 1 शमुवेल या पुस्तकातील हन्नापासून, एलकानाच्या दोन पत्नींपैकी अपत्यहीन पत्नीपासून, आरंभ करावा. रोश हशाना या यहुदी नववर्षाच्या, म्हणजेच मराठीभाषक बेने इस्राएल यहुद्यांच्या ‘नव्याच्या सणा’च्या, पहिल्या दिवशी यहुदी उपासनेत हाच भाग वाचला जातो.

प्रथम 1:1 ते 2:21 (अध्याय:वचन) एका बैठकीत मोठ्याने वाचावे. पुत्र होणार हे ठाऊक असल्यामुळे आपण आधीची वचने घाईने ओलांडतो, आणि कथेचा गाभा नेमका तिथेच आहे. म्हणून दुसऱ्या वाचनात पहिल्या आठ वचनांवर रेंगाळावे. ‘परमेश्वराने तिची कूस बंद केली होती’ हे दोनदा सांगितले आहे, पण त्याला कारण दिलेले नाही. हन्नाच्या एखाद्या पापाचा उल्लेखही नाही, आणि वाचकाने तो आपल्या मनाने भरू नये. एलकानाची दुसरी पत्नी पनिन्ना हिच्यासाठी वापरलेला ‘त्सारा’ हा हिब्रू शब्द ‘सवत’ आणि ‘संकट’ अशा दोन्ही अर्थांनी येतो. सवत म्हणजे काय, हे मराठी वाचकाला टीपेविना कळते.

आता एलकानाकडे वळावे. शिलो या उपासनास्थानी यज्ञाच्या भोजनात तो हन्नाला जो वाटा देतो, त्याचे मूळ शब्द दुर्बोध आहेत: कोणी ‘दुप्पट वाटा’ असे भाषांतर करतात, तर प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘एकच वाटा’, तरीही प्रेम हन्नावरच, असा अर्थ येतो. हाताशी दोन मराठी भाषांतरे असल्यास ही जागा ताडून पाहावी. ‘मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही काय?’ हा त्याचा प्रश्न वाचून लगेच निवाडा करू नये. त्याच्या शेजारी उत्पत्ती 30:1–2 ठेवावे, जिथे ‘मला मुले दे, नाहीतर मी मरेन’ असे म्हणणाऱ्या राहेलवर याकोब संतापतो. त्या तुलनेत एलकाना कोमल आहे. तरीही आपले प्रेम तिच्या दुःखाला पुरे पडावे, ही त्याची अपेक्षा मला चुकीची वाटते. हन्ना त्याला उत्तर देत नाही. ती उठते, आपले दुःख परमेश्वरापुढे ओतते आणि पुत्र झाल्यास तो परमेश्वराला वाहीन, असा नवस करते.

पुढे 1:18 पाशी थांबावे. प्रार्थनेत तिचे नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाने तिला मद्यपी समजले होते. त्याला तिने धीराने उत्तर दिले, त्याचा आशीर्वाद घेतला, अन्नग्रहण केले आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. या वेळी गर्भ राहिलेला नाही, आणि एलीच्या शब्दांपलीकडे कोणतीही खूण मिळालेली नाही. प्रार्थना ‘फळली’ असे म्हणण्याची घाई येथे आवरावी. परमेश्वराला तिची आठवण झाली, हे त्यानंतर 1:19 मध्ये येते, तेही पतिपत्नीच्या सहवासाच्या उल्लेखासह एकाच वाक्यात: ईश्वरी कृपा दांपत्यजीवनाला बाजूला सारून येत नाही.

एलकानाचा दुसरा संवाद 1:23 मध्ये आहे. गणना 30 नुसार पतीला पत्नीचा नवस ऐकल्यावर रद्द करता येई. तो मात्र ‘तुला बरे वाटेल ते कर’ असे म्हणतो. आठव्या वचनातला पती आणि हा पती यांत पडलेले अंतर वाचकाने स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे.

वाचनगटात अपत्यहीन दांपत्य असेल, तर ही कथा नवसाचा नमुना म्हणून मुळीच मांडू नये. दावीदाची पत्नी मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही, असे 2 शमुवेल 6:23 सांगते. तेही वचन त्याच बैठकीत वाचावे. मग पुन्हा 2:19 कडे यावे, जिथे हन्ना नवसानुसार शिलोत सेवेला ठेवलेल्या शमुवेल या पुत्रासाठी दरवर्षी एक लहानसा झगा शिवून नेते, आणि एलकाना तिच्यासोबत असतो.