शनिवारच्या भीतीची तयारी सोमवारपासून

सांगलीत माझं मेडिकल आहे. शनिवारी रात्री शटर ओढलं की साडेनऊला माडीवर पाच जण जमतात: मी, माझा भाचा, त्याचे दोन मित्र आणि समोरच्या वाड्यातले एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका. खेळतो ते भयकथेचं आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि 'आता मी दार उघडतो' असं सांगत पुढे सरकतात. दार उघडलं की नाही, हे नशिबावर. सहा वर्षं मीच सूत्रधार आहे. भाचा म्हणतो, "आत्या, तू एवढं सुचवतेस कुठून?" सुचत नाही, आठवडाभर साठवावं लागतं. ते कसं, एवढंच सांगते.

सोमवारी फक्त कात्री. दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईक नसतं, तेव्हा पेपरातलं देश-विदेशचं पान काढायचं. युद्धाची मोठी बातमी सोडायची. तळाशी चार ओळींची असते ती बघायची: कुठेतरी काहीतरी अडकलंय, बंद पडलंय, कुणीतरी परत आलं नाही. कापून मलमाच्या रिकाम्या खोक्यात टाकायची, मागे तारीख लिहून. आमच्या धंद्यात तारीख उलटली की माल वापरायचा नाही. बातमीचं उलटं आहे. जिच्यात माणसं मेलीत ती निदान वर्षभर तरी खेळात आणायची नाही. कुणाच्या तरी घरी अजून सुतक असतं.

मंगळवारी राजकारण. इथे मी एकदा तोंडावर आपटले आहे. निवडणुकीच्या दिवसांत गावातल्या एका पुढाऱ्यासारखं हुबेहूब पात्र केलं. नाव बदललं होतं, पण चष्मा आणि बोलण्याची ढब तीच. अर्ध्या तासात भूत राहिलं बाजूला, भाच्याच्या मित्रांचीच जुंपली आणि दोन शनिवार माडी रिकामी. तेव्हापासून नियम केला: राजकारण हवंच, पण पक्ष नको. कुठल्याही बातमीला तीन प्रश्न विचारायचे. हे असंच चालू राहिलं तर कुणाला परवडतं? सही कुणाची आहे? आणि ज्याला सगळं माहीत आहे तो गप्प का? तीन उत्तरं म्हणजे तीन पात्रं.

बुधवारी एक भयपट, दोनदा. पहिल्यांदा सगळे बघतात तसा. जिथे दचकाल तिथली वेळ लिहून ठेवा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, त्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून बघा. आवाज गेला की रबरी मुखवटा रबरीच दिसतो, पण त्याआधीचं काहीतरी तरीही पोटात कालवतं: एक खुर्ची मघाशी भिंतीकडे होती, आता नाही. असल्या जागा वहीत उतरवा. भूत कुठलं आणायचं याचा विचार शेवटी. मुंजा, हडळ, खवीस, चकवा सगळे आपल्याकडे आहेतच, हाक मारायची खोटी.

गुरुवारी सगळं एकत्र शिजवायचं. यात खरी मेहनत आहे, म्हणून एक उदाहरण नीट सांगते.

खोक्यात मार्च २०२१चं एक कात्रण होतं. 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं, सहा दिवस. त्यावरचे २५ खलाशी भारतीय होते. सुटका झाली तरी नुकसानभरपाईच्या वादात जहाज जुलैपर्यंत तिथल्याच ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून राहिलं. त्या सरोवराचं जुनं वाचत गेले आणि घबाड सापडलं. जून १९६७ मध्ये इस्रायल-अरब युद्ध पेटलं, इजिप्तने कालवा बंद केला आणि कालव्यातून जाणारी १४ जहाजं त्या सरोवरात कोंडली गेली. १९७५ पर्यंत, म्हणजे आठ वर्षं! पश्चिमेच्या काठावर इजिप्तचं सैन्य, पूर्वेच्या काठावर इस्रायलचं, मधे ही जहाजं. वाळवंटाची वाळू साचून पिवळी पडली, म्हणून त्यांना 'यलो फ्लीट' म्हणत. ब्रिटिश, अमेरिकन, पश्चिम जर्मन, फ्रेंच, स्वीडिश, पोलिश, बल्गेरियन, चेकोस्लोव्हाक असे आठ देशांचे झेंडे. बाहेर शीतयुद्ध, आणि इथे बल्गेरियन जहाजावर सिनेमा, ब्रिटिश जहाजावर फुटबॉल, जर्मन जहाजावर रविवारची प्रार्थना. खलाशांनी स्वतःची टपाल तिकिटंसुद्धा काढली.

आता तीन प्रश्न लावा. अडकून राहणं परवडतं कुणाला? विम्याचे पैसे हवे असलेल्या मालकाला. सही कप्तानाची. गप्प कोण? स्वयंपाकी, कारण रोज किती ताटं लागतात ते त्यालाच माहीत. एवढं झालं आणि बुधवारची खुर्ची आठवली. मी त्या १४ मध्ये आपलं एक काल्पनिक जहाज घुसवलं. साल १९६९. जहाजावर माणसं दहा. जेवायला ताटं अकरा.

बास, तेवढंच भूत.

शुक्रवारी सामान. फासे महाग वाटत असतील तर तांबोल्याचा डबा काढा. १९८१ साली आलेल्या 'कॉल ऑफ कथुलू' या खेळात शंभरातला आकडा पाडून माणसाचा धीर टिकतो का ते बघतात. आपल्याकडे सोंगट्या ९०, चालतंय. प्रत्येकाला सुरुवातीला ६० धीर द्या. भयानक काही दिसलं की एक सोंगटी काढायची. ६० किंवा कमी आली तर टिकला, म्हणजे तीनात दोनदा टिकतो. जास्त आली तर लुडोचा फासा टाकायचा आणि पडेल तेवढा धीर वजा. पुढच्या वेळी उरलेल्या आकड्यावर खेळायचं. फाशावर पाच-सहा पडले तर सूत्रधाराने एक चिठ्ठी गुपचूप द्यायची: 'तुला आता स्वयंपाक्यावर संशय आहे.' सोंगटी परत डब्यात टाकायला विसरू नका, आम्ही महिनाभर विसरत होतो.

आणि मधोमध पत्त्यातला जोकर ठेवा. कुणालाही प्रसंग सोसवेना तर त्याने जोकरवर बोट ठेवायचं, गोष्ट तिथून पुढे उडी मारते. का, असं विचारायचं नाही. एकदा दवाखान्याचा प्रसंग रंगवताना काका उठून गॅलरीत गेले होते, मग जोकर आला.

शनिवारी खायला चिवडा नको, सोंगट्यांना तेल लागतं. ट्यूबलाइट बंद करून जिन्यातला बल्ब ठेवा. सुरुवात भुताने करू नका, कामाने करा. मी म्हटलं, "सकाळचे सात. डेकवरची वाळू झाडायची आहे. स्वयंपाकी ताटं मांडतोय." पोरं वाळू झाडायला लागली. काकांनी मात्र तीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "ताई, माणसं किती जहाजावर?"

"दहा."

"आणि ताटं?"

मी उत्तर दिलं नाही, फक्त डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी ७४ काढली.

रात्री साडेबाराला थांबलो, ताटांचा उलगडा न होताच. असंच थांबा, ऐन मधे. रविवारी सहाला मी दूध तापवत होते, तर काकांचा फोन.

"ताई, एक सांगा. त्या अकराव्याचं तिकीट कुणी काढलं होतं?"