अपग्रेडनंतर इलॅस्टिकसर्च सुरू होत नसेल तर

इलॅस्टिकसर्च या शोध-सर्व्हरचं अपग्रेड झालं, सर्व्हिस सुरू केली आणि काही सेकंदांत ती पुन्हा बंद पडली. अशा वेळी पहिलं पथ्य म्हणजे डेटा डिरेक्टरीला हात लावायचा नाही. ती रिकामी केल्यावर सर्व्हर कदाचित उठेलही, पण रिकामाच उठेल. बहुतेक वेळा दोष डेटात नसतो, जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो. मागे फिरण्याचा रस्ताही गृहीत धरू नका. नव्या आवृत्तीने डेटा डिरेक्टरी एकदा अपग्रेड केली की जुनी आवृत्ती तोच डेटा उघडत नाही. म्हणून अपग्रेडआधीचा स्नॅपशॉट (डेटाची बॅकअप प्रत) जपून ठेवा.

आता लॉग उघडा. 'फेल्ड' एवढ्यावरून काहीच कळत नाही. एररच्या लांबलचक यादीत 'कॉज्ड बाय' ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा, खरं कारण बहुधा तिथेच असतं. लॉगमध्ये नवी नोंदच नसेल, तर सर्व्हर लॉग लिहिण्याआधीच, म्हणजे जावा सुरू होतानाच पडलाय. मग लिनक्सच्या सिस्टिम नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमध्ये बघा.

सर्वांत जास्त वेळा भेटणारी एरर म्हणजे 'अननोन सेटिंग'. 2016 मध्ये आलेल्या आवृत्ती 5 पासून एक जरी अनोळखी सेटिंग सापडलं, तरी सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. हा कडकपणा मला योग्यच वाटतो, कारण चुकीचं सेटिंग गुपचूप दुर्लक्षित राहण्यापेक्षा हे बरं. 7 वरून 8 वर जाताना 'डिस्कव्हरी.झेन' ने सुरू होणारी सेटिंग्ज काढून टाका. क्लस्टर म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांचा गट, आणि त्यातला एकेक सर्व्हर म्हणजे नोड. नोडचे पत्ते आता 'डिस्कव्हरी.सीड_होस्ट्स' मध्ये द्यायचे. 'नोड.मास्टर' आणि 'नोड.डेटा' यांच्या जागी 'नोड.रोल्स' आलं आहे. 'क्लस्टर.इनिशियल_मास्टर_नोड्स' फक्त क्लस्टर पहिल्यांदा उभा करताना लागतं. चालू क्लस्टरच्या फाइलमध्ये ते उरलं असेल तर काढा.

नाव बरोबर असूनही हीच एरर आली तर प्लगइन (सर्व्हरला वरून बसवलेली जोड) तपासा. ते सेटिंग एखाद्या प्लगइनचं असेल आणि प्लगइनच बसवलेलं नसेल, तर सर्व्हर ते ओळखणार कसं? जुन्या आवृत्तीसाठी बांधलेलं प्लगइन तर सर्व्हरला सुरूच होऊ देत नाही. ते काढून नव्या आवृत्तीचं बसवा.

जावा सुरू होतानाच पडत असेल, तर जावाचे पर्याय असलेली जेव्हीएम.ऑप्शन्स फाइल बघा. जुन्या फाइलींत सीएमएस या गार्बेज कलेक्टरचा (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाचा) पर्याय असतो, आणि जावा 14 मधून तो कलेक्टरच काढून टाकला आहे. स्वतःचे बदल, उदाहरणार्थ हीपचा (जावाला दिलेल्या मेमरीचा) आकार, मूळ फाइलमध्ये न करता 'जेव्हीएम.ऑप्शन्स.डी' फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा. म्हणजे पुढच्या अपग्रेडला हा घोळ होणार नाही. पॅकेजने बसवलं असेल तर कॉन्फिग फोल्डरमध्ये 'डीपीकेजी-डिस्ट' किंवा 'आरपीएमन्यू' शेपटीची फाइल आहे का तेही बघा. तुमच्या फाइलशी ती ताडून पाहिली की काय बदललं ते लगेच दिसतं.

'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर मालकी तपासा. रूट (मुख्य प्रशासक खातं) म्हणून चालवलेल्या एखाद्या कमांडने फाइल रूटच्या नावावर गेलेली असते. डेटा आणि लॉगचे फोल्डर इलॅस्टिकसर्च युजरच्या मालकीचे हवेत.

'बूटस्ट्रॅप चेक' ची, म्हणजे सुरू होतानाच्या तपासणीची एरर असेल आणि तिच्यात 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट' चं नाव असेल, तर कर्नलची ती मर्यादा किमान 262144 करा.

आवृत्ती 8 मध्ये सुरक्षा आपोआप चालू असते, त्यामुळे अनेक नोडांच्या क्लस्टरला आपसातल्या संपर्कासाठी टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) लागतं. सुरक्षा बंद करून वेळ मारून नेऊ नका. सोबत मिळणाऱ्या सर्टयुटिल साधनाने सर्टिफिकेटं बनवा.

एक नोड उठला की तो क्लस्टरमध्ये सामील झाला का ते बघा, अपग्रेडसाठी बंद केलेलं शार्ड वाटप (डेटाचे तुकडे नोडांवर वाटणं) पुन्हा चालू करा, आणि क्लस्टर हिरवा झाल्यावरच पुढचा नोड घ्या.