आजीचं आयुष्य लिहायचंय? आधी ट्रंक उघडा

माझ्या आजीचं माहेर येळ्ळूर, सासर वडगाव. दोन्ही गावं बेळगावाला लागून, जागची हललेली नाहीत. तरी तिच्या ट्रंकेत तीन राज्यांचे कागद निघाले: शाळेच्या दाखल्यावर मुंबई, जुन्या रेशनकार्डावर म्हैसूर, मतदार ओळखपत्रावर कर्नाटक. म्हणून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य लिहायचं तर इतिहासाची पुस्तकं राहू देत, आधी ट्रंक उघडा.

कागद सालवार जमिनीवर मांडा. वहीत तीन तारखा टिपा: १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव म्हैसूर राज्यात, १ नोव्हेंबर १९७३, म्हैसूरचं कर्नाटक, १ नोव्हेंबर २०१४, बेळगावचं बेळगावी. जमिनीचे उतारे कन्नडात असतील, तर शेजारच्या कन्नड अक्कांना चहाला बोलवा. आडनाव कन्नडात जाऊन परत येताना कधी मोडतं. लगेच दुसरा माणूस समजू नका.

मग प्रश्न. इथं मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. "राज्य बदललं तेव्हा तुला काय वाटलं?" असं विचारलं. आजी म्हणाली, "काय वाटतंय? सुगी होती. भात कापायला गेलतो बग." संपलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, नवा पैसा पहिल्यांदा कधी हातात आला? तासभर बोलली. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले. रुपयाचे सोळा आणे, तेच शंभर पैसे. आण्याला सहा पैसे धरायचे आणि पावलीला, म्हणजे चार आण्याला, पंचवीस. आजी बुट्टी घेऊन भाजी विकायची. आण्याला एक अशा चार जुड्या सुट्या विकल्या की चोवीसच पैसे हाती, एक पैसा गेला! मग तिनं सुट्या जुड्या देणंच बंद केलं. "पावलीला चार, घ्यायचं तर घ्या." सरकारचं गणित तिनं असं मोडीत काढलं. असे प्रश्न शोधा: पैसा, धान्य, वजनमाप, विजेचा पहिला दिवा.

साल आठवत नसेल तर खुणेनं धरा. काका कोयनेच्या भूकंपात पाळण्यात होता, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या आधीचा. दाखल्यावर मात्र १ जून १९६८. शाळेत घालताना सोयीची तारीख लावलेली. दोन्ही लिहा, खोडू नका.

एक मोह टाळा. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बेळगावाजवळच्या हिंडलग्यात गोळीबार झाला. काकाला तिथं नेऊन उभं करावं असं मला फार वाटलं. तो नव्हता. सूत आलं नाही म्हणून बंद पडलेल्या मागाशेजारी बसून होता. तसंच लिहिलं.

शेवटी मोठ्यानं वाचून दाखवा. आजीनं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "जुडी मेथीची न्हवं रं, लाल भाजीची." मेथी खोडली.